पाण्याशी वैर धरलेला बाळारामदादूस

आमच्या कारखान्यातल्या एकुलत्या एका नळाची मूठ बाळारामदादूस काढून खिशात घेऊन फिरतो. कुणी मागितलीच तर उलट विचारतो, "कशाला पायजे? आंगोल करायची हाय?"

जूचंद्रला आम्ही कोंबड्यांचं खाद्य बनवतो. तो सफाईचा मुकादम, मी प्रयोगशाळेत. सफाईचा मुकादम आणि पाण्याचा वैरी, हे नव्या माणसाला पचत नाही. पण पीठ आणि पाणी एकत्र आलं की लोखंडावर बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थराखाली जंतू इतके मजेत राहतात की वरून फिनेल ओतलं तरी त्यांच्या केसाला धक्का लागत नाही. म्हणून सगळं कोरडं खरवडायचं, झाडायचं. "पानी मारलास का त्यांना घर बांधून दिलास," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नात त्याने आहेर द्यायच्या आधी पाण्याच्या पिंपात बोट फिरवलं आणि सासूबाईंसमोर जाहीर केलं, "बुळबुळ हाय." सासरचे अजून विसरलेले नाहीत.

पूर्वी हाच माणूस मशीन पाण्याने धुवायचा, बायको सुगंधा गेल्यापासून असा झाला, असं जुने लोक सांगायचे. मला ते खरं वाटत नसे.

गेल्या दिवाळीत तो रजेवर होता. मोठं गिऱ्हाईक पाहणीला येणार म्हणून साहेबांनी टँकर मागवला आणि कूलर, म्हणजे गरम दाणे थंड करायची पेटी, आतून-बाहेरून धुऊन चकाचक केली. पंधरा दिवसांनी मी तिच्या सांध्यांतून कापसाचा बोळा फिरवला, तर साल्मोनेला, कोंबड्यांना आणि माणसांनाही बाधणारा जंतू. माल अडवला, काम बंद. बाळाराम साहेबांना फाडून खाणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तो साहेबांकडे गेलाच नाही. सांध्यातला थर खरवडत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. पिशवीतून जर्मलची एक थाळी काढली.

"सुगंधाची. कोंबड्यांना दाना टाकायची."

मग तुटक तुटक सांगितलं. सुगंधा असताना त्यानेही एकदा कूलर असाच पाण्याने धुतला होता, आणि तळाला उरलेलं खाद्य फुकट जाऊ नये म्हणून घरी नेलं होतं. चार दिवसांत कोंबड्या गेल्या. पाठोपाठ सुगंधाला ताप, जुलाब. दहाव्या दिवशी तीही गेली. डॉक्टर म्हणाले, कशानेही होऊ शकतं.

"तवापासून थाली धुतली नाय मी. बग ना, माज्या हातशी झाला का तां?"

मी थाळीवरून बोळा फिरवला. तीन-चार दिवसांनी सांगितलं, काही सापडलं नाही. ते खरंच होतं. इतक्या वर्षांनी न सापडण्याला काही अर्थ नसतो, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

बाळारामने थाळी पिशवीत घातली, आणि पुन्हा बाहेर काढली.

"परत एकदा बगशील?" तो म्हणाला.