ग्लेनिसची लोकर

ग्लेनिस ट्रेझाइसला दाढी आली. ती आलीच नव्हती, असं कुरांबी गावाने एकमताने ठरवलंय, त्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

तर, दाढी न आलेली ग्लेनिस एका सकाळी चिमटा घेऊन आरशासमोर बसली होती. पाळी कधीच थांबलेल्या बाईच्या हनुवटीवर एखादा राठ केस उगवतोच. पण इथे पीक आलं होतं. हनुवटी झाली, वरचा ओठ झाला, मग कल्ले उतरू लागले. शाळेत असताना गेलेल्या मुरमांनी पुन्हा हजेरी लावली. आवाज इतका खाली गेला की चर्चमध्ये पाद्रीबाबांनी काही न बोलता तिला गाणाऱ्या पुरुषांच्या रांगेत उभं केलं. तिथे एक जागा रिकामीच होती.

"रेग, मला काही झालंय का रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

रेगचा जन्म मेंढ्या कातरण्यात गेलेला. त्याने धंद्याच्या नजरेने पाहिलं. "लोकर चांगली आहे," तो म्हणाला आणि शीळ घालत बाहेर गेला. हल्ली तो सारखा शीळ घालायचा. अंगात वीस वर्षांचा पोऱ्या शिरलाय म्हणायचा.

ग्लेनिस हसली नाही. तिच्या मावशीलाही असंच झपाट्याने काहीतरी झालं होतं. पोटात गाठ निघाली आणि मावशीने पुढचा ख्रिसमस पाहिला नाही.

"घरातल्या बायकांना अशी लव आहे?" दवाखान्यात डॉक्टर परेराबाईंनी विचारलं.

"नाही."

"तरुणपणी पाळी मागेपुढे व्हायची? बीजकोशात गाठी वगैरे?"

"पाळीवर घड्याळ लावावं, अशी यायची."

"कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"मी फक्त चहा घेते."

"केस हळूहळू आले असते तर चांगला चिमटा घ्या म्हटलं असतं," परेराबाई म्हणाल्या. "पण एवढ्या वेगाने, त्यात आवाजही बदलला. पुरुषी हार्मोन कुठूनतरी जास्त येतंय. बीजकोश आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बघायला हव्यात. क्वचित तिथे गाठ असते."

रक्तात हार्मोन एखाद्या तगड्या गड्याइतकं निघालं. शहरात जाऊन स्कॅन करून आल्यावर ग्लेनिसने मनातल्या मनात आपले टी-सेट बहिणींत वाटून टाकले. निकाल ऐकायला रेग तिला गाडीतून घेऊन आला आणि दवाखान्याबाहेर शीळ घालत थांबला.

"गाठ कुठेही नाही," परेराबाई म्हणाल्या.

"मग हे येतंय कुठून?"

त्या विचार करत होत्या, तेवढ्यात दार ढकलून नोलीन आत आली. नोलीन म्हणजे बोल्सची, गवतावर चेंडू घरंगळवायच्या त्या खेळातली, ग्लेनिसची जोडीदार. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि हिने नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला.

"डॉक्टरबाई, मला मिशी आलीय," नोलीन म्हणाली.

परेराबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हा दोघींत सारखं काय आहे?"

"काही नाही. ही वाईट खेळते," नोलीन म्हणाली.

"आणि ही माझं सनस्क्रीन फुकट लावते," ग्लेनिस म्हणाली. आमच्याकडे ते लावल्याशिवाय कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि बाटली मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. तिने पर्समधून बाटली काढली. परेराबाईंनी वास घेतला, थेंब बोटांवर चोळून बघितला आणि रेगला आत बोलावलं.

"रेग, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

रेगने टोपी काढली. त्याचं हार्मोन कमी पडत होतं म्हणून परेराबाईंनी त्याला खांद्यांना लावायचं क्रीम दिलं होतं. मित्रांनी पाहिलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, म्हणून त्याने ते सनस्क्रीनच्या रिकाम्या बाटलीत ओतून न्हाणीघराच्या कपाटात ठेवलं होतं.

"तिथे दोन बाटल्या होत्या," ग्लेनिस म्हणाली. "आवरताना एक मी उचलली. मोठी आहे, अजून संपलेली नाही."

"तिच्यात मी सगळं क्रीम ओतलं होतं," रेग म्हणाला. "म्हणजे मी रोज काय चोळत होतो?"

"सनस्क्रीन."

"पण मला गुण आला."

"शर्टाच्या आत ऊन लागलं नाही, एवढा आला," परेराबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी मरत नाहीये?" ग्लेनिसने विचारलं.

"नाही हो. ही बाटली बंद केलीत की केस हळूहळू विरळ होतील. आवाज थोडा जाड राहील कदाचित."

ग्लेनिस खर्जात रडली. मग खर्जातच हसू लागली. नोलीनने मफलर काढून तिचे डोळे पुसले, आणि काय करावं हे न कळून रेगने दोघींना मिठी मारली.

घरी येऊन त्याने आरोग्य खात्याला रीतसर कळवलं: "अर्जदाराच्या पौरुषास सनस्क्रीनचा निःसंशय गुण आलेला असल्यामुळे सदर द्रव्य अर्जदारास यापुढे औषध म्हणून सरकारी खर्चाने, आणि मित्रांसमोर लावता येईल अशा साध्या बाटलीत मिळावे, ही नम्र विनंती."