विनंती थांबा

माझे सासरे रोज दिवस मावळायच्या आत गोदावरीच्या पात्रातल्या एका बेटावर उभे राहतात, तोंडाला पत्र्याचं नरसाळं लावतात आणि गाढवांना पुकारतात. साधं "या रे, चला रे" असं नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अंबडहून येणारी, घनसावंगीमार्गे तीर्थपुरीला जाणारी मुक्कामी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे."

मग बाभळींमागून एक म्हातारं, लंगडं गाढव सावकाश येतं आणि दावणीच्या पहिल्या खुंट्याजवळ उभं राहतं. त्याचं नाव मुक्कामी. एकदा उभं राहिलं की सकाळपर्यंत हलत नाही. त्याच्यानंतर विनाथांबा येते. ही गाढवीण दावण ओलांडून पुढं निघून जाते आणि पाण्यात पाय भिजले की परत फिरते. कुणीतरी रात्रीतून गुपचूप आणून सोडलेल्या एकाचं नाव जादा. अशी दहा-बारा आहेत. कुणाची पाठ वीटभट्टीवर सोललेली, कुणाचे खूर वाळू वाहून झिजलेले. ट्रॅक्टर आले, यांचं काम गेलं, आणि मालकांनी त्यांना रस्त्यावर सोडून दिलं.

आबा एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडच्या त्या जाळीच्या खिडकीमागं, माइकसमोर गेली. निवृत्तीच्या सुमारास एक लंगडं गाढव फलाटावर येऊन उभं राहिलं. लोक हाकलायचे, ते फिरून तिथंच यायचं. आबांचं म्हणणं, "फलाटावर उभा हाय म्हंजी प्रवासी हाय. त्याला कुठंतरी पोचवणं आपली जबाबदारी." निरोपसमारंभाचा नारळ एका हातात आणि गाढवाचा कासरा दुसऱ्या हातात, असे ते घरी आले. तोच हा मुक्कामी.

सासुरवाडीच्या गावाला लागून नदीत हे बेट आहे. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून चालत जाता येतं. पावसाळ्यात पाणी वाढायच्या आत आबा सगळ्यांना अलीकडच्या काठावर आणतात. त्याला ते 'मार्गात बदल' म्हणतात. निरोपाचा तो नारळ त्यांनी बेटावर पुरला, कारण बेट म्हटलं की नारळ पाहिजे. झाड चांगलं उंच झालंय. फळ म्हणून एक धरलेलं नाही. "येऊन राह्यलं," आबा म्हणतात.

हे त्यांचं आवडतं वाक्य. नोकरीत त्यांनी गाडी रद्द झाल्याचं एकदासुद्धा पुकारलं नाही, असं त्यांचे जुने सहकारी शेख कंडक्टर सांगतात. गाडी वाटेत बंद पडली असो की पुलावर पाणी असो, आबा माइकवरून सांगत राहायचे, "गाडी येत आहे." लोक खिडकीशी येऊन भांडायचे. आबांचं उत्तर ठरलेलं. "प्रवासी उभा हाय तंवर गाडी हाय. मी रद्द म्हणलो की तो पिशवी उचलून जातो. अन् मंग गाडी आली तर?" शेवटी दुसरा माणूस पाठवून 'गाडी रद्द' हे दोन शब्द पुकारून घ्यावे लागत.

एकदा एक भट्टीवाला मुक्कामीला परत न्यायला आला. सीझन लागला होता, त्याला जनावर कमी पडत होतं, लंगडंही चाललं असतं. आबांनी विचारलं, "आरक्षण हाय का?"

"कशाचं आरक्षण? माझं गाढव हाय ते."

"तुमी उतरवून दिलेला प्रवासी हाय तो. आता त्याची सीट हितं हाय. बिलकुल जागा सुटणार न्हाई." भट्टीवाला हसत हसत परत गेला.

मला मात्र त्यांनी कधी परत पाठवलं नाही. उलट मी गेलो की घोंगडी अंथरायचे. "जावईबापू, तुमी पाव्हणं. तुमी काई करू नका. नुसतं कान धरा." आणि मग मी तास तास गाढवाचा कान धरून उभा, हे त्याच्या पाठीला हळद-तेल लावताहेत. आत्तापर्यंत तीन शर्ट पिवळे झाले. दुपारी मात्र ताट माझ्यासमोर पहिलं यायचं. तुपाची धार माझ्या ताटात, आणि काठ चेपलेला जुना पितळी तांब्या त्यांच्यापुढं.

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो.

आमच्याकडं जुनी रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतं? आबा पाळतात. आमच्या लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली. ते जालन्याला येतात तेव्हा फडक्यात स्वतःची भाकरी असते, खांद्याला पाण्याची बाटली. सोफ्यावर बसतात, शोभाशी पोटभर बोलतात आणि भूक लागली की जिन्यात जाऊन जेवून येतात. शोभा माझी बायको, त्यांची एकुलती लेक. आई लवकर गेली, त्यामुळं तिला बापाशिवाय माहेर नाही. पहिल्या काही वर्षांत ती त्यांच्यासाठी मुद्दाम थालीपीठं करायची. मग आम्ही दवाखाने केले, औषधं झाली, नवससुद्धा झाले. पुढं आम्ही ते सगळं थांबवलं. थालीपीठंही थांबली.

त्यांच्या घरी मी इतकी वर्षं तूप ओतून जेवलो, आणि माझ्या घरी त्या माणसाला घोटभर पाणी चालत नाही, हे मला टोचायचं. अपराध्यासारखं वाटायचं आणि त्याच वेळी रागही यायचा. वाटायचं, हा माणूस गाढवाला प्रवासी मानतो, मग पोटच्या लेकीलाच ही शिक्षा का?

या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. म्हणजे चार-आठ दिवस जालन्यात, आमच्या घरी. आबा फोनवर म्हणाले, "येतो की. स्टँडवर झोपंन." शोभानं फोन ठेवला. "उद्या आपण आणायला जायचं," ती म्हणाली. सवयीनं तिनं घरचं पाणी भरून थर्मास पिशवीत टाकला. दर वेळी नेते, दर वेळी भरलेला परत आणते.

आम्ही पात्र ओलांडून बेटावर पोचलो तेव्हा आबा एका शिंगराच्या नाकावर दूध ओतत होते. भट्टीवरून गाभण अवस्थेत आलेली एक गाढवीण तीन दिवसांपूर्वी व्याली होती आणि तिला दूधच नव्हतं. आबांनी शेळीचं दूध बाटलीत भरलं होतं, पण तोंड कुठं आणि नाक कुठं हे त्यांना दिसत नव्हतं. शिंगरू शिंकत होतं. आबा त्याला म्हणत होते, "दारातून चढा, खिडकीतून नको."

शोभानं बाटली त्यांच्या हातातून घेतली. मांडी घालून बसली, शिंगराची मान कोपरात धरली, आणि ते लुचायला लागलं. शेपटी आडवी-उभी हलायला लागली. मला नेहमीप्रमाणं जादाचा कान मिळाला होता.

"पिऊन राह्यलं का?" आबांनी विचारलं.

"आवाज येत न्हाई का तुम्हाला?"

"येऊन राह्यलाय." ते डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होते. "नाव ठिवायचं राह्यलंय याचं. जालना ठिवू का?"

"विनंती थांबा ठेवा. हात केला की थांबतं. तुमच्यासारखं न्हाई." शोभा स्टँडमागच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, तिला ही भाषा बापाइतकीच येते.

आबा हसले. तिचा चेहरा हसरा नव्हता, पण ते त्यांना दिसलं नसावं.

"आबा, डोळ्यांचं काय? घरी यायचं की न्हाई?"

"येतो म्हणलो ना."

"स्टँडवर झोपायला? टाके घातलेले डोळे घेऊन?" बाटली संपली होती, तरी ती तशीच धरून होती. "मला लेकरू झालं न्हाई, त्यात माझी काय चूक? इतकी वर्षं कसली शिक्षा देता?"

मी जादाचा कान सोडावा की नाही ते मला कळेना. आबा खाली बसले. हातानं जमीन चाचपत तिच्याजवळ सरकले.

"शिक्षा? तुला?" ते म्हणाले. "बाई, मी तुज्या घरी जेवलो आस्तो तर त्याचा आर्थ काय झाला आस्ता? बापानं आशा सोडली. रद्दचा पुकारा झाला आस्ता तो. तू बाकावर बसलेली. मंग मी कसं म्हणू, गाडी न्हाई म्हणून?"

शिंगरू शोभाची बांगडी चोखत होतं.

"आबा," ती म्हणाली, "गाडी येणार न्हाई हे मला कधीचं कळलंय. तुम्ही पुकारत होतात म्हणून मी बाकावर बसले होते. तुम्हाला एकट्याला सोडून कसं उठायचं?"

आबांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. वीस वर्षं मी ज्याला त्यांचा हट्ट समजत होतो, ते दोघांचं एकमेकांसाठी थांबणं होतं, आणि मला त्यांच्याकडं नीट बघवेना.

दिवस कलला. शेख कंडक्टर पलीकडून कडबा घेऊन आले. आबा नसतील तेव्हा तेच बघणार होते. आबा उठले आणि त्यांनी नरसाळं उचललं. मुक्कामी लागला. विनाथांबा पुढं जाऊन परत आली. एकेक करत सगळी दावणीला आली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विनंती थांबा." शोभानं हात वर केला. शिंगरू लटपटत दोन पावलं गेलं होतं, ते खरंच थांबलं.

आबांनी नरसाळं खाली ठेवलं नाही. त्यांनी घसा साफ केला. आवाज तोच होता, जाळीमागचा, सरकारी.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुष्कळ वर्षं उशिरानं धावणारी जालन्याची गाडी..." ते थांबले. शेख कंडक्टर कडब्याची पेंढी तशीच हातात धरून उभे राहिले. "रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी वाट पाहू नये. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मग नरसाळं खाली ठेवून त्यांनी शोभाच्या दिशेनं हात पुढं केला.

"घसा सुकला. पाणी हाय का तुज्याजवळ?"

"तुमचा तांब्या तिकडं झोपडीत..."

"तुज्या घरचं म्हणतो."

शोभानं थर्मास उघडला. झाकणात ओतताना थोडं तिच्या हातावर सांडलं. आबांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं, एका दमात प्यायले आणि मिशी पुसली.

"टँकरचं दिसतंय," ते म्हणाले. "पन गार हाय."

आणि झाकण पुन्हा पुढं केलं.