भिंत पूर्ण होईपर्यंत रजा

पुरावाकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही कधीकधी आठवावं लागे. पाणीपुरवठा खात्याच्या रजा विभागात चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या या माणसाने पुराव्याशिवाय कुणाला तापसुद्धा येऊ दिला नव्हता. "अर्जाचा नुसता वास घेतला तरी कळतं मला, माणूस आजारी आहे की मेहुणीच्या लग्नाला निघालाय," असं ते निवृत्त झाल्यावरही सांगत. स्वतः त्यांनी चौतीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नव्हती. काकूंना यात काही पराक्रम दिसत नसे. ऑफिसात निदान चार माणसं त्यांना घाबरत तरी होती, घरी ती सोय नव्हती.

वस्तीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. चौकात मूळ पुरुषाच्या नावाची शिळा बसवायचं ठरलं आणि काकांना भलताच हुरूप आला. वस्तीतलं पहिलं घर त्यांच्या पणजोबांनी बांधलं होतं. त्याआधी पणजोबा पलटणीत होते आणि पुलाच्या लढाईत त्यांनी एकट्याने पूल राखला होता. हे सगळं काकांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. अडचण एवढीच, की शेजारचा घड्याळवाला स्वतःच्या पणजोबांबद्दल शब्दन् शब्द हेच सांगत होता. आडनावही एकच.

"आडनाव आमचं. ह्यांनी ते उचललं, आणि वर गोष्टही उचलली," काका म्हणत. घड्याळवालाही हेच म्हणे, फक्त बोट इकडे दाखवून. दोन घरांमधल्या भिंतीवरून बारा वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. भिंत कुणाची हे ठरत नव्हतं, म्हणून ती कुणीच रंगवत नव्हतं.

काका शताब्दी समितीचे चिटणीस. त्यांनी ठराव लिहिला तो असा: ज्याच्या पूर्वजाचे कागद पलटणीच्या दप्तरात सापडतील, त्याने शिळेचं अनावरण करावं, एकाच पूर्वजाचे अनेक वंशज निघाल्यास थोरल्या घराचा मान पहिला, आणि कागदांत जे असेल ते चिटणिसांनी सोहळ्यात सर्वांसमोर वाचून दाखवावं. शिवाय 'पुलाच्या लढाईतील वीर' अशी अक्षरं शिळेवर कोरायलाही टाकली.

"अहो, आधी कागद बघावेत, मग ठराव करावा," काकू म्हणाल्या.

"पुरावा माझ्या रक्तात आहे."

"रक्तात साखर आहे. तिचा कागद आहे माझ्याकडे."

पलटणीचं जुनं दप्तर एका दुमजली इमारतीत होतं. खिडक्या उंचावर, लांब टेबलं आणि भिंतभर पत्र्याचे खण. दप्तरावरच्या बाईंनी काकांपुढे एक फुगलेली फाइल ठेवली. "हा पहिला भाग. दुसरा भाग त्या गृहस्थांकडे आहे," त्या म्हणाल्या.

ते गृहस्थ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डोळ्याला भिंग लावून बसले होते. घड्याळवालाच तो. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

काकांनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर कळलं की पणजोबा घोड्यावर नव्हते, खेचरांच्या मागे होते. हरकत नाही, खेचरांनाही पूल लागतो. पुढचं पान रजेचा अर्ज होतं. त्याच्या पुढचंही. काकांची पाठ आपोआप ताठ झाली.

"फेब्रुवारीत आजी वारली. जूनमध्ये आजी वारली. ऑक्टोबरात आजी अत्यवस्थ," ते पुटपुटू लागले. "दोनदा वारल्यावर अत्यवस्थ? आणि हे काय, सात आठवड्यांत बायको दोनदा बाळंत? अहो, निसर्गाचेही काही नियम आहेत. खोटारडा आहे हा माणूस."

खिशातून लाल पेन्सिल कधी निघाली ते त्यांनाही कळलं नाही.

"साहेब, मूळ कागदावर खुणा करू नका," बाई म्हणाल्या. "आणि ते तुमचे पणजोबा आहेत ना?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. प्रत्येक अर्जाच्या समासात पलटणीच्या कारकुनाने शेरा मारला होता: 'पुरावा जोडावा.' त्या अनोळखी कारकुनाबद्दल काकांना इतकी माया वाटली की हा आपला पणजोबा असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

पुलाच्या लढाईच्या तारखेला आजी तिसऱ्यांदा वारली होती.

"बाळंतपणाचं खोटं नाही," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. बारा वर्षांत घड्याळवाला पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होता. "ही कुटुंबाची नोंदवही बघा. पहिली बायको, तिचा मुलगा. दुसरी बायको, तिचा मुलगा. सात आठवड्यांचं अंतर."

काकांनी वाकून पाहिलं. पहिला मुलगा म्हणजे घड्याळवाल्याचे आजोबा. दुसरा मुलगा म्हणजे काकांचे.

फाइलमधला शेवटचा कागद पणजोबांच्याच हातचा होता. दोघांनी तो एकत्रच वाचला: 'नदीकाठच्या मोकळ्या जागेत घर बांधून दोन्ही कुटुंबं आणली आहेत. दोघींचं पटत नसल्यामुळे घराचे दोन भाग करून मधे भिंत घालत आहे. भिंत पूर्ण होईपर्यंत रजा वाढवून मिळावी.' खाली शेरा होता: 'परत आला नाही.'

म्हणजे अख्खी वस्ती रजा वाढवून वसली होती.

"मी शिळेवर वीर कोरायला टाकलंय," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. चौतीस वर्षं त्यांनी ज्या माणसाला पकडायची वाट पाहिली, तो घरातलाच निघाला होता. आता हे सगळं त्यांना स्वतःच्या तोंडाने, त्यांच्याच खात्यात नोकरी केलेल्या आणि ज्यांच्या रजा त्यांनी नाकारल्या त्या अर्ध्या वस्तीसमोर वाचायचं होतं.

"कोरू दे. दोन बायका सांभाळल्या ना," घड्याळवाला म्हणाला. मग भिंग खिशात ठेवत त्याने हळूच विचारलं, "ठरावात थोरल्या घराबद्दल काय लिहिलं होतं तुम्ही?"

सोहळ्याच्या आदल्या दिवशी पुरावाकाकांनी आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज लिहायला घेतला. सकाळभर त्यांना कारण सुचेना. इतरांची कारणं खोडण्यात हयात गेलेली, स्वतःचं एक कुठून आणणार? अखेर हाताला रक्ताचं वळण सापडलं. त्यांनी लिहिलं, घडी घातली आणि अर्ज भिंतीवरून घड्याळवाल्याला द्यायला काकूंकडे दिला. काकूंनी कागद नाकाशी धरला आणि मग भिंतीपलीकडे दिला.

अर्ध्या तासात अर्ज भिंतीवरूनच परत आला. समासात लाल शाईचा शेरा होता:

'आजी कितव्यांदा वारल्या? पुरावा जोडावा. — थोरलं घर.'