थोरलीची बाजू

आमच्या आक्कांना इंग्रजी येत नाही. तरी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका बाईवर अन्याय झाला, या विषयावर त्या कुणाशीही भांडायला तयार असतात. भाजीवालीशी भांडताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. ती बिचारी एवढंच म्हणाली होती, "नणंद म्हटली की तशीच असायची की, आक्का." आक्कांनी हातातली मेथीची जुडी परत ढिगात ठेवली. "तू वाचलैस काय ते पुस्तक? न्हाय न्हवं? मग?"

पुस्तक आक्कांनीही वाचलेलं नव्हतं.

पद्माक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलेलं नाही. सासूबाई मी पाहिल्याच नाहीत, निपाणीचं आमचं घर पहिल्यापासून आक्कांच्या हातात. ते जैनांचं घर, मी येळ्ळूरच्या मराठ्यांची. महावीर आणि मी बेळगावला कॉलेजात भेटलो आणि घरी सांगितलं, तेव्हा आक्कांनी विरोध केला नाही आणि होकारही दिला नाही. लग्नाच्या दिवशी अख्ख्या मांडवात त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या, "पदर नीट घे, पिन दिसतीया." या वाक्याचा अर्थ मी बरीच वर्षं लावत होते.

मी निपाणीतच कॉलेजात इंग्रजी शिकवते. कोरोनात वर्ग घरून घ्यावे लागले, तेव्हा अभ्यासक्रमात एक जुनी प्रेमकथा होती. गरीब पाद्र्याची हुशार मुलगी, मोठ्या इस्टेटीचा देखणा मालक, आणि त्या दोघांत आडवी येणारी त्याची थोरली बहीण. या बहिणीला लेखकानं दिलंय काय, तर आखडलेली मान, कायमची डोकेदुखी आणि एक पोपट. तिचं नाव लांबलचक. आक्कांनी तिला नुसतं 'थोरली' केलं.

त्याचं असं, की माझा वर्ग चालू असताना आक्का मागे बसून भाजी निवडत आणि ऐकत. पोरांना कळावं म्हणून मी अर्धं मराठीत सांगायची. एकदा मी म्हटलं, "या बहिणीला हे लग्न नको असतं, कारण ती नायिकेवर जळते."

मागून आवाज आला, "खोटं सांगू नको गं पोरांस्नी!"

माइक चालू होता. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली तोंडं उघडी राहिली.

"जळतीया कशानं? तिला कोण कधी इचारलंय काय?" आक्का देठं मोडत म्हणाल्या. "घरात माणूस येणार, आणि घर सांभाळणारीला शेवटाला कळणार. व्हय?"

त्यानंतर पोरं वर्गात येताच विचारू लागली, "मॅडम, आज आक्का न्हाईत?" परीक्षेत चिकोडीच्या एका मुलीनं लिहिलं, की नायिका दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरली आणि हे कुणीच ध्यानात घेतलं नाही. हे चूक की बरोबर ते मला ठरवता येईना. अर्धे मार्क दिले.

वर्ग संपले, कोरोना गेला, पण आक्कांची गोष्ट काही संपेना. दुपारी बस्तीतनं, म्हणजे जैन मंदिरातनं, दर्शन करून आल्या की त्या पुढच्या कट्ट्यावर बसत. शेजारच्या कलावतीकाकू आणि आणखी दोघी-तिघी जमत.

"नाच म्हंजे कसला गं पद्मा?"

"बापय-बाया हात धरून गोल फिरत्यात. आणि थोरली कोपऱ्यात सगळ्यांच्या शाली सांभाळत बसती. एवढ्या शाली कुणीतरी सांभाळायच्या का न्हाय? ती पोरगी तर नाचतीया!"

"आणि त्या मोज्यांचं?" काकूंना गोष्ट पाठ झाली होती.

"तेच की. पोरगीनं हातमोजे उसने आणलेले, बोटं लोंबत्यात. थोरली जेवताना म्हणाली, मापाचे न्हाईत. तर पुस्तकवाल्यानं लिवलंय, थोरलीनं अपमान केला! आगं, घरातच सांगितलं म्हणून बरं. बाहेर लोक हसली असती मग?"

हे सगळं ऐकत मी स्वयंपाकघरात उभी. 'ती पोरगी' म्हणताना आक्का स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतात असं मला वाटे. पण खिडकीच्या वर घड्याळही होतं. एक दिवस बाहेरून ऐकू आलं, "पोरगी लई शिकलेली. चहात साखर किती घालायची तेवढं ठावं न्हाय." मी धावत जाऊन पुस्तक काढलं. पुस्तकात साखर कुठंच नव्हती. सकाळच्या माझ्या चहात मात्र जरा जास्तच झाली होती.

महावीरला विचारलं, तर तो म्हणाला, "इंग्लंडची गोष्ट आहे ती. तू कशाला अंगाला लावून घेतेस?"

पुढं पुढं गोष्टीत असं काही येऊ लागलं, की मी पुस्तक उघडायचंच सोडलं. एक दिवस थोरलीला स्थळ आलं.

"चांगलं हुतं," आक्का म्हणाल्या. "रायबागचं."

मी खिडकीतून म्हटलं, "आक्का, इंग्लंडात रायबाग न्हाई."

"तितलं जे काय आसंल ते. भावाची परीक्षा हुती. आई तर गेलती. थोरली म्हणाली, परीक्षा होऊ दे, मग बघू." त्यांनी पदरानं कट्टा झाडला. "ते काय थांबत्यात व्हय?"

संध्याकाळी मी महावीरला विचारलं, "आक्कांना स्थळ आलं होतं का रे कधी?"

त्यानं डोकं खाजवलं. "मला कुणी सांगितलं न्हाई," म्हणाला.

याच सुमारास आम्ही बेळगावला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. महावीरची नोकरी तिथं, रोजच्या जाण्या-येण्यानं तो पिचून गेला होता. आमच्याकडे जेवण दिवस मावळायच्या आत. ताटाशेजारी त्यानं फ्लॅटचा नकाशा पसरला. "ही आपली खोली, ही पुस्तकांची, आणि ही गेस्टची." गेस्ट हे बिल्डरनं छापलेलं, त्यानं नुसतं वाचलं. आक्का येणारच, त्या खोलीत राहणार, हे आम्ही दोघं इतकं धरून चाललो होतो, की ते बोलायचं सुचलंच नाही.

आक्कांनी नकाशा पाहिला. हात धुता धुता मला विचारलं, "सुनीता, लग्न झाल्यावर थोरली कुठं ऱ्हायली गं?"

मी शेवटचं प्रकरण आठवलं. "पाहुण्यांकडे गेली, असं आहे."

"परत कवा आली?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"हं," आक्का म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर घराला कुलूप. कलावतीकाकूंनी किल्ली दिली. "आक्का सदलग्याला गेल्या, मावसबहिणीकडं. पिशवी मोठी हुती बाई." महावीरनं फोन केला. आक्का "बरी हाय" म्हणाल्या आणि ठेवून दिला. तो म्हणाला, चार दिवस राहील, येईल. मला काहीच उमजेना. चहाचं लागलं की फ्लॅटचं? की उगाच मीच अर्थ काढत बसले होते? रविवारी सकाळी उठून सदलग्याची बस धरली.

दारात चपला काढत होते, तोवर आतून आवाज आला. सोप्यात मावसबहीण, तिच्या दोन सुना, आणि मध्ये आक्का. गोष्ट रंगात आली होती.

"...तर थोरलीला ती पोरगी पहिल्या दिवशीच आवडलीती."

मी तिथंच थांबले. हे कुठल्याच आवृत्तीत नव्हतं, पुस्तकाच्याही नाही आणि आक्कांच्याही नाही.

"मग सांगायचं न्हाय व्हय तिला?" धाकटी सून म्हणाली.

"कसं सांगायचं? एकदा तोंड वाकडं करून बसलीती. ते सरळ करायला काय तरी निमित्त लागतंय का न्हाय? ते घावंनाच. आणि ती दोघं आपापल्या सुखात हुती. मग थोरलीनं म्हटलं, ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "हिला पाणी दे गं," सुनेला म्हणाल्या. "उन्हातनं आलीया."

पाणी पिऊन मी म्हटलं, "आक्का, ती तिसरी खोली तुमची आहे."

"मी मागितली काय?"

"न्हाई."

"मग?"

"पूर्वेला खिडकी आहे," मी म्हटलं. "सकाळी जपाला बरी."

"डास आसतील."

"जाळी मारून घेऊ."

आक्कांनी उठून कपडे पिशवीत भरले. मग पिशवी उचलली. "बघून येतो. ऱ्हायचं मागनं बघू."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीकडे बसवलं. कंडक्टर आला. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून त्यानं आक्कांचं आधारकार्ड पाहिलं, माझ्याकडे बोट करून कन्नडमध्ये विचारलं, "या तुमच्यासोबत का?"

"हौदु," आक्का म्हणाल्या. "नम्म तंगी."

येळ्ळूरसारख्या पक्क्या मराठी गावच्या माणसाला कन्नड येत नाही, अशी आक्कांची पक्की समजूत आहे. येळ्ळूरचं माणूसही ती सहसा खोडून काढत नाही. पण शाळेत मी कन्नड शिकलेय. नम्म म्हणजे आमची. मराठीत तंगी म्हणजे ओढाताण. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण.

मी उसाच्या शेतांकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"काय न्हाय," आक्का म्हणाल्या. "हिकडं सरक की जरा. ऊन लागतंय तुला."