परातीतली सामुद्रधुनी

खैरनार सरांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी चहाचा कप थेट उत्तर ध्रुवाजवळ ठेवला. टेबलावर नकाशा पसरलाय, हे चहा सांडल्यावर दिसलं. वर विनोदही केला, "दोन बेटांच्या एवढ्याशा फटीत कोण कशाला मरायला जाईल?"

सरांनी रुमालाने चहा टिपला. "फट नाही, भाऊ. सामुद्रधुनी. आमचा विनय तिथंच आहे."

सरांचा मुलगा विनय मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. सात वर्षांपूर्वी जहाज तिथल्या बर्फात फुटलं. माणसं होड्यांत उतरली. एक होडी सापडलीच नाही, ती विनयची.

तेव्हापासून सरांचं पालुपद एकच, "आधी प्रवाह बघा." माझी छत्री हरवली, तर विचारलं, "वारा कुठला होता?" टाकीत पाणी चढेना म्हणून सोसायटीची मीटिंग भरली. सरांनी ध्रुवापासून सुरुवात केली. तळमजल्यावरच्या पंपापर्यंत ते पोचलेच नाहीत.

घरी कुणीही आलं की परातीत पाणी घालायचे. दोन बटाटे म्हणजे दोन बेटं, शेंगेचं टरफल म्हणजे होडी. सर उत्तरेकडून फुंकर मारायचे. टरफल दरवेळी पश्चिमेच्या बटाट्याला लागायचं. "तिथं शिकाऱ्यांची जुनी झोपडी आहे," सर सांगायचे. "चूलसुद्धा आहे."

परवा सरांच्या बायकोने, काकूंनी, निफाडहून आपल्या भावाला बोलावलं. सरांना समजवायला आम्हा नवराबायकोलाही.

भाऊ म्हणाला, "दाजी, लय झालं आता. रामकुंडावर दर्भाचा पुतळा करू, पोराला पाणी देऊ. किती दिवस अधांतरी ठेवता त्याला?"

सर म्हणाले, "टरफल बेटाला नाही लागलं, तर उद्याच जाऊ."

परात आली. हलू नये म्हणून काकू बाजूला बसून ती धरून राहिल्या. सरांनी फुंकर मारली. टरफल दोन्ही बटाट्यांच्या मधून सरळ निघालं, पार मोकळ्या पाण्यात. सरांचे ओठ फुंकर मारल्यासारखेच राहिले. कुणी हललं नाही.

मग टरफल हळूच वळलं आणि पश्चिमेच्या बटाट्याला जाऊन टेकलं.

"लागलं," सर म्हणाले.

काकू भावाकडे न बघता म्हणाल्या, "यंदा राहू दे रे, आबा."

जिना उतरताना मी बायकोला म्हटलं, "काही म्हण, सरांचा अभ्यास पक्का. प्रवाह वळतो खरा."

"प्रवाह कुठला?" ती म्हणाली. "काकूंनी परातीची कड उचलली."