एकही डच माणूस नको

डच माणूस नसलेली जागा शोधावी तर ती मीच! हे मी छातीठोकपणे सांगतो.

शोधावी लागली, कारण बायकोने निर्वाणीचा इशारा दिला होता. मागच्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कॅम्पवर आमच्या डावीकडे डच, उजवीकडे डच आणि आंघोळीच्या रांगेत पुढे उभा आमच्या गावचा दंतवैद्य! घरी येताच हार्मिना कडाडली, "रुलोफ, पुढच्या सुट्टीत परक्या तोंडून एक जरी डच शब्द कानावर पडला, तर ही कॅरॅव्हॅन विकून टाकायची!"

कॅरॅव्हॅन विकायची? गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर? त्यापेक्षा मलाच विका की! तिच्यावर माझा जीव आहे. म्हणजे कॅरॅव्हॅनवर. हार्मिनावरही आहेच.

शेवटी फ्रान्सच्याच डोंगरांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची अक्रोडाची बाग मिळाली. दोन दिवस नुसता स्वर्ग! हार्मिना चक्क गुणगुणत बटाटे सोलत होती. बटाटे अर्थात घरून आणलेले. फ्रेंच बटाट्याचा काय भरवसा?

तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक कॅरॅव्हॅन बागेत शिरली.

"कोण गं बाई हे?"

"फ्रेंचच असणार!" असं म्हणत मी आमच्या पिवळ्या डच नंबरप्लेटवर ओला टॉवेल वाळत घातला. न जाणो, डच निघाले तर पाटी बघून गप्पा मारायला यायचे! त्यांच्याही पाटीवर टॉवेल वाळत होता. टापटिपीची माणसं दिसतात, मला वाटलं.

तेवढ्यात एक उंच गृहस्थ समोर आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी शाळेतलं फ्रेंच झाडलं, "नमस्कार! मी फ्रेंच! फार फ्रेंच!"

तो दचकला. मग म्हणाला, "मीसुद्धा! आई फ्रेंच, बाबा फ्रेंच, कुत्रा फ्रेंच!"

माझा जीव भांड्यात पडला. त्या आनंदाच्या भरात मी त्या जोडप्याला कॉफीला बोलावून बसलो! हार्मिनालाही बजावलं, "त्यांच्यासमोर आपण फ्रेंच आहोत हं!"

दहाच्या ठोक्याला पाहुणे हजर.

"हवा छान," मी म्हणालो.

"फार छान," तो म्हणाला.

"काल पण छान."

"उद्या पण."

हार्मिनाने बिस्किटांचा डबा फिरवला. प्रत्येकाने एकेक उचललं आणि तिने टपकन झाकण लावलं. दुसरं बिस्कीट दुसऱ्या कपाबरोबर, ही आम्हा डच लोकांना आईची शिकवण!

पाहुणीचा हात हवेतच थांबला. तिने झाकणाकडे पाहिलं, मग खुर्चीमागच्या बटाट्यांच्या पोत्याकडे. आणि स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "बेरेंड, अरे, ही तर आपलीच माणसं!"

संपलं! मी कॅरॅव्हॅनकडे शेवटचं पाहून घेतलं. हार्मिना लालबुंद झाली होती. तिने तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

"कुठल्या गावचे तुम्ही?" तिने विचारलं. डचमध्ये!

पाहुणीने आमच्या कालव्यापलीकडच्याच गावाचं नाव सांगितलं.

"अगंबाई! बेकरीच्या मागे राहता का?"

मग जी गाडी सुटली, ती जेवणापर्यंत थांबेना. बिचारीला दोन दिवस माझ्याशिवाय बोलायला होतं तरी कोण? मला तिच्याकडे बघून फार बरं वाटलं. एवढंच नाही, पहिला कप संपायच्या आत तिने डबा पुन्हा उघडला! बेरेंड माझ्या कानात कुजबुजला, "डच भेटले तर आमची बायकोही कॅरॅव्हॅन विकणार होती."

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "हार्मिना, मग कॅरॅव्हॅनचं काय?"

"गप्प बस! पुढच्या वर्षी चौघं मिळून जायचं ठरलंय. फक्त जागा नीट शोध हं," ती म्हणाली, "एकही डच माणूस नको!"