विझल्या ताऱ्यांची टक्कर आणि मागील तांबडा उजेड

॥ श्री ॥ ज्याचे घरी तारे जन्मतात, विझतात आणि विझूनही स्वस्थ राहात नाहीत, त्या विश्वंभरास नमन करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरी, एका दौलतीत जे वर्तले ते यथामति लिहिले आहे.

दौलतीचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. तेथे डोंगरावर वेधशाळा आणि पायथ्याशी गणितखाना होता, आणि गणितखान्यात द्वारकाबाई मोघे म्हणून गणिती होत्या. त्यांचे कामाचा विषय ऐसा की, विझलेले दोन तारे, आकारे एखाद्या शहराएवढे परंतु वजने सूर्याहून भारी, एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांवर आदळतात, आणि मग जो रस चहूंकडे उडतो त्यातच सोने, प्लॅटिनम, युरेनियम ऐसे जड धातू घडतात, आणि तो रस काही दिवस आपल्याच उष्णतेने उजळत राहतो. तो उजेड कोणत्या रंगाचा पडेल आणि किती दिवस टिकेल, हे टक्कर दिसण्याआधीच गणिताने सांगावे. याच कामी त्यांचे जोडीस हैबतराव शेलार होते. दोघे समोरासमोर बसत आणि दिवसभर भांडत. हैबतराव म्हणत, “बाई, जड धातू बनले की ते उजेड अडवून धरणार. उजेड तांबडाच निघेल आणि सावकाश निघेल.” बाई म्हणत, “आणि टकरीतून न्यूट्रिनो म्हणून सूक्ष्म कण सुटतात ते काय उगाच? ध्रुवांकडचा रस ते बदलून टाकतील, तेथे जड धातू बनणारच नाहीत. उजेड निळा दिसेल आणि झटकन विझेल.” ऐसे वाद होत आणि दोघांचाही डबा तसाच राही.

पुढे ऐसे जाहले की महायंत्र एकच होते आणि दिवाणसाहेबांनी एकच गणित त्यावर चालवावे ऐसा हुकूम केला, आणि मर्जी बाईंचे गणितावर बसली. बाईंनी दोन्ही चालवावी म्हणून विनंती केली, ती मान्य जाहली नाही. हैबतरावांनी आपली खुर्ची मेजाशी सरकवून ठेवली आणि ते निघून गेले. बाईंस वाटले, चार दिवसांनी येतील. ते आले नाहीत. मग रागाने म्हणा की संकोचाने म्हणा, इकडून निरोप गेला नाही आणि तिकडूनही आला नाही, आणि वर्षे लोटली. बाईंचे गणित बिनबोभाट वाढत गेले, कोणी एक अक्षर खोडून काढीना, आणि त्याचीच त्यांस धास्ती वाटों लागली.

तो एके दिवशी वर्तमान आले की अवकाशास थरकाप आल्याचे यंत्रांनी टिपले, दूर कोठे दोन तारे आदळले. वेधशाळेने दुर्बिणी वळविल्या आणि दुसरे दिवशी कळों आले की उजेड निळा! गणितखान्यात पेढे वाटले. दिवाणसाहेब स्वतः येऊन म्हणाले, “द्वारकाबाई, जिंकलात!” बाई हसल्या. परंतु निळा ओसरत चालला आणि त्याचे मागून तांबडा वर आला, आणि तो विझेचना. बाईंचे गणित तेथे लंगडे पडले. मग बाईंनी दार लावून घेतले, आणि हैबतराव भांडताना जे जे बोलले होते ते ते आठवून आकडे मांडले. कोठे ते हसले होते, कोठे मेजावर हात आपटला होता, तेही आठवले, आणि त्या त्या ठिकाणी गणिताची गाठ सुटत गेली. निळा ध्रुवांकडचा, तांबडा कमरेकडचा, म्हणजे दोन ध्रुवांमधल्या पट्ट्याचा, दोन्ही मिळून आकाशातील उजेडाशी बरोबर जुळले.

दरबार भरला. दिवाणसाहेब म्हणाले, “निळा आमचा आणि तांबडाही आमचाच!”

बाई उठून म्हणाल्या, “तांबडा माझा नव्हे. तो हैबतराव शेलारांचा.”

“कोण शेलार?” ऐसे दिवाणसाहेबांनी पुसले आणि सभेत कोणासच आठवेना. तेव्हा बाईंस फार एकटे वाटले. टाळ्या झाल्या त्याही त्यांस दुसऱ्याच कोणास चालल्या आहेत ऐशा वाटल्या.

मग बाईंनी ठिकाण काढले आणि गाडी करून हैबतरावांचे गावी गेल्या. हैबतराव पिठाची गिरणी चालवीत होते. भुवयांवर पीठ बसले होते. त्यांनी पट्टा बंद केला, बाईंस स्टूल पुसून दिले आणि पुसले, “तांबडा किती दिवस टिकला?”

“पंधरवडाभर.”

“मी आठवडा म्हणालो होतो.”

“रस जास्त उडाला. तुम्ही धरला होता त्याहून.”

हैबतराव हसले. आणि मग कितीक वेळ ते पुसत गेले आणि बाई सांगत गेल्या, दारात दळणाचे डबे येऊन राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, “परत चला. टकरीनंतर मागे उरले काय, नवा तारा की कृष्णविवर, ते गणित अजून बाकी आहे. एकटीच्याने होत नाही.”

हैबतराव म्हणाले, “पहिल्या वर्षी बोलावले असते तर चपला न घालता आलो असतो. आता आई अंथरुणावर आहे, आणि खरे सांगू? इथे दळण दळले की दिसते, माणूस घेऊन जातो. नाव घाला माझे. मी मात्र येत नाही.”

“रागावलात?”

“नाही, बाई. राग असता तर आलोच असतो, भांडायला.”

हैबतरावांनी पट्टा सुरू केला, आणि त्या आवाजात निरोपाचे बोलणे कोणाचेच कोणास ऐकू आले नाही.

बाई परत आल्या. ग्रंथात हैबतरावांचे नाव आधी आणि आपले मागून घातले. मग उरलेले गणित हाती घेतले, आणि अडले की मोठ्याने बोलों लागल्या. एक बाजू आपली मांडावी आणि मग आवाज चढवून दुसरी बाजू त्यांची मांडावी. शिपाई गणू कांबळे दाराबाहेरून वाद ऐकून चहाचे दोन पेले घेऊन आत आला, आणि पाहतो तो बाई एकट्याच. तो ओशाळून एक पेला परत नेऊ लागला. बाई म्हणाल्या, “राहू दे, गणू. ठेव तिथे.”

याप्रमाणे विझल्या ताऱ्यांच्या मिलनाने सोने कसे घडते याचा निवाडा त्या दौलतीत जाहला. मागे काय उरले, याचे गणित अद्याप चालू आहे. लेखनसीमा.